नोकरी गेली, पण मागचा पगार मोठा: चॅप्टर ७ मिळेल की १३?

अबोली
नमस्कार मंडळी. इथे आजवर वाचतच आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय अवघड आहे, समजून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर भाड्याचं, ग्रीन कार्ड आहे, मुलं दोन. गेल्या वर्षी यजमानांची बायपास झाली. इन्शुरन्सने भरलं तेवढं भरलं, उरलेलं आमच्या अंगावर आलं आणि ते क्रेडिट कार्डांवर गेलं. एप्रिलअखेर त्यांचा लेऑफ झाला. मे महिन्यात सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) एकरकमी मिळाला. त्यांचा पगार महिना ११,००० डॉलर होता, सेव्हरन्स २२,०००. मी डेकेअरमध्ये काम करते, मला साधारण २,००० मिळतात. कार्डांचं आणि हॉस्पिटलचं मिळून देणं ७०,००० च्या वर गेलंय.

बँकरप्सी (दिवाळखोरी) घ्यावी का, हा विचार आम्ही दोघांनी बऱ्याच रात्री केला. पण ओळखीतले सगळे म्हणतात, एवढा पगार होता तर चॅप्टर ७, म्हणजे हप्त्यांशिवाय कर्ज माफ होणारा प्रकार, तुम्हाला मिळणारच नाही, चॅप्टर १३ मध्ये पाच वर्षं हप्ते भरावे लागतील. माझे प्रश्न: उत्पन्न कुठल्या वर्षाचं धरतात? माझाही पगार धरतात का? आणि सासूबाईंच्या डायलिसिससाठी आम्ही दर महिन्याला सांगलीला पैसे पाठवतो, तो खर्च कोणी विचारात घेतं का?

वाटसरू
ताई, धीर सोडू नका. मला यातलं काही कळत नाही, पण इथे जाणकार आहेत. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

निशिगंध
अबोली, मी दिवाळखोरीची कामं करणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. मी वकील नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. पण तुमच्या ओळखीतल्यांचं म्हणणं मला खोडावंसं वाटतं, कारण अशा ऐकीव गोष्टींपायी लोक वर्ष-वर्ष थांबतात आणि तेवढ्यात ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत) रिकामा करून बसतात.

कायदा वर्षाचा पगार बघत नाही. ज्या महिन्यात तुम्ही अर्ज कराल, त्याच्या आधीच्या पूर्ण ६ कॅलेंडर महिन्यांत घरात जे आलं त्याची सरासरी काढतात आणि तिला १२ ने गुणतात. तो आकडा तुमच्या राज्यातल्या, तुमच्याएवढ्या कुटुंबाच्या मीडियन उत्पन्नाशी (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) लावून बघतात. मीडियनच्या खाली असाल तर चाचणी तिथेच संपते. वर असाल तर दुसरा, मोठा फॉर्म भरायचा. ही मीन्स टेस्ट. २००५ च्या कायद्याने आणली आणि त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरपासून लागू झाली.

आता तुमचेच आकडे घेऊ. जूनमध्ये अर्ज केलात तर डिसेंबर ते मे हे महिने धरले जातील. पाच पगारांचे ५५,०००, सेव्हरन्सचे २२,००० आणि तुमचे १२,०००, एकूण ८९,०००. वर्षाच्या हिशोबाने १,७८,०००. हेच ऑक्टोबरमध्ये केलंत तर एप्रिल ते सप्टेंबर: एक पगार, सेव्हरन्स आणि तुमचे १२,०००, म्हणजे ४५,००० आणि वर्षाला ९०,०००. डिसेंबरमध्ये केलंत तर जून ते नोव्हेंबर, त्यात फक्त तुमचा पगार, वर्षाला २४,०००. माणसं तीच, कर्ज तेच. बदलली ती फक्त तारीख.

यात बेरोजगारी भत्ता मी धरलेला नाही. तो धरायचा की नाही यावर कोर्टांचं एकमत नाही, वकिलाला विचारा. सोशल सिक्युरिटीची पेन्शन मात्र या हिशोबात धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलंय.

तुमचा पगार धरतात. यजमानांनी एकट्यांनी अर्ज केला तरी तुम्ही एका घरात राहता म्हणून तो येतोच. फक्त त्यातली जी रक्कम घरखर्चाला लागत नाही, उदाहरणार्थ तुमच्या स्वतःच्या जुन्या कर्जाचा हप्ता, ती वजा करता येते.

मीडियनचे आकडे यू. एस. ट्रस्टी प्रोग्रामच्या (दिवाळखोरीवर देखरेख करणारं सरकारी खातं) संकेतस्थळावर राज्यवार मिळतात आणि ते मधूनमधून बदलतात. न्यू जर्सी त्यात वरच्या राज्यांत आहे, मिसिसिपी तळाच्या. त्या दृष्टीने तुम्ही बऱ्या जागी राहता.

नवखा_डॅलस
खूप उपयुक्त. एक प्रश्न: एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर असलेल्याला हे करता येतं का? माझ्या मित्राची नोकरी गेली, त्या व्हिसावर नोकरीविना राहायची ६० दिवसांची मुदत चालू आहे.

निशिगंध
येतं. नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहणारा किंवा इथे मालमत्ता असलेला माणूस अर्ज करू शकतो. दिवाळखोरी हा गुन्हा नाही. पण तुमच्या मित्राची आधी व्हिसाची घाई आहे. त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला पहिला फोन करावा, या वकिलाला नंतर.

हुरडा
अबोलीताई, मी मिशिगनचा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होतो. आम्ही चॅप्टर १३ मधून गेलो, पूर्ण पाच वर्षं. म्हणून दोन शब्द.

तुमच्या लिहिण्यात ‘पाच वर्षं हप्ते भरावे लागतील’ हे शिक्षेसारखं आलंय. आमच्यासाठी ती शिक्षा नव्हती. घराचे हप्ते थकले होते, बँकेने जप्तीची नोटीस दिली होती. १३ चा अर्ज दाखल झाला त्या दिवशी ती कारवाई थांबली आणि थकबाकी पाच वर्षांत थोडी थोडी फेडायची परवानगी मिळाली. चॅप्टर ७ मध्ये कार्डं सुटली असती, पण थकबाकी भरायला असा वेळ मिळाला नसता आणि घर गेलं असतं. १३ ला नियमित उत्पन्न लागतं. कसलंही चालतं, पगार, पेन्शन, छोटा धंदा, पण दर महिन्याला ट्रस्टीकडे (प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस) हप्ता पोचला पाहिजे. माझ्या पगारातूनच कापून जायचा.

कठीण होतं. नवीन गाडीसाठी कर्ज काढायचं तर कोर्टाची परवानगी. मुलीच्या लग्नाच्या वेळी भावाने सगळं उचललं, मला एक डॉलर पुढे करता आला नाही. ते मनात राहिलंय. पण मुलं त्याच घरात वाढली, त्याच शाळेत शिकली.

मीडियनच्या खाली उत्पन्न असेल तर तीन वर्षांची योजना मिळू शकते, वर असेल तर पाच. म्हणजे उत्पन्न तिथेही मोजतातच.

पेठेतला
सगळ्यांच्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे. तरी मनातलं लिहितो. कार्डावर खर्च केला तो आपणच ना? घेतलेलं कर्ज फेडायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. ‘तारीख पुढे ढकला म्हणजे चाचणी पास’ हे मला पटत नाही. जे नेमाने फेडतात त्यांच्यावर हा अन्याय आहे.

हुरडा
पेठेतला, तुमचं म्हणणं मला समजतं. माझे वडील हेच म्हणायचे आणि मी त्यांचाच मुलगा आहे. पण बायपास कोणी हौसेने करून घेत नाही. फेडायची इच्छा असून फेडणं शक्य नसणं ही एक अवस्था असते. त्या अवस्थेत माणूस किती दिवस झोपेविना काढू शकतो हे मी पाहिलंय. कायद्याने वाट ठेवली आहे ती त्यासाठीच.

निशिगंध
पेठेतला, तुमच्यासारखाच विचार २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केला होता. ज्यांना फेडता येतं त्यांनी ७ मधून सुटू नये, म्हणूनच ही चाचणी आली. बँका आणि कार्ड कंपन्यांनी तिच्यासाठी बरीच वर्षं जोर लावला होता. डेलावेअरचे तेव्हाचे सिनेटर जो बायडन यांनी बाजूने मत दिलं, आणि तेव्हा कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक लोक आजारपण, नोकरी जाणं आणि घटस्फोट यांमुळे इथवर येतात. आमच्या ऑफिसात येणारी माणसं पाहून मला ते पटतं.

तारखेबद्दल: थांबणं ही लबाडी नाही. ६ महिन्यांची सरासरी ही कायद्याचीच पद्धत आहे आणि ती दोन्ही बाजूंनी चुकते. ज्याचा पगार आज शून्य आहे त्याला ती श्रीमंत ठरवते. कॅन्ससमधल्या एका बाईंचं असंच झालं होतं. जुन्या कंपनीने एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं, ते ६ महिन्यांत आले आणि कागदावर उत्पन्न मीडियनच्या वर गेलं. नव्या नोकरीचा पगार खूपच कमी. प्रकरण चॅप्टर १३ चं होतं, सरासरीप्रमाणे लागणारा हप्ता त्यांना झेपणारा नव्हता. ‘हॅमिल्टन विरुद्ध लॅनिंग’ या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की पुढे उत्पन्नात होणारा बदल जवळजवळ निश्चित असेल तर कोर्टाने तो लक्षात घ्यावा.

उलट बाजूही आहे. सरासरी कमी आली म्हणून सगळं झालं असं नाही. अर्जात आजचं खरं उत्पन्न आणि आजचा खरा खर्चही द्यावा लागतो. अबोलींच्या यजमानांना सप्टेंबरमध्ये तेवढ्याच पगाराची नोकरी लागली आणि ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, तर सरासरीवर ते पास होतील. पण दर महिन्याला भरपूर पैसे उरताना दिसले तर यू. एस. ट्रस्टी आक्षेप घेऊ शकतो.

टेक्सासकर
मीडियनच्या वर असणाऱ्यांचं काय? आमच्या नात्यातल्या एकाचं उपाहारगृह बंद पडलं. बायको डॉक्टर आहे, तिचा पगार मोठा. धंद्याच्या कर्जाला त्याने वैयक्तिक हमी दिली होती. सगळे म्हणतात ७ विसर.

निशिगंध
हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे आणि फार लोकांना माहीत नसतो. मीन्स टेस्ट फक्त त्यांना लागू होते ज्यांचं कर्ज मुख्यतः घरगुती, म्हणजे स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजांसाठी घेतलेलं असतं. निम्म्याहून जास्त कर्ज धंद्याचं असेल तर ही चाचणी लागतच नाही, पगार कितीही असो. घराचं मॉर्गेज (गृहकर्ज) मात्र घरगुतीत मोडतं, त्यामुळे मोठं घर असेल तर पारडं फिरतं. त्यांना नीट बेरीज करायला सांगा.

बाकी मीडियनच्या वर असलेल्यांसाठी दुसरा फॉर्म. त्यात खाणंपिणं, कपडे, घरभाडं, गाडी यांसाठी तुम्ही प्रत्यक्षात किती खर्च करता ते बहुतेक ठिकाणी बघत नाहीत, आयआरएसने (कर खात्याने) ठरवलेले आकडे वापरतात. कर, आरोग्य विमा, पाळणाघर, गाडीचे आणि घराचे हप्ते हे खरे वजा होतात. गाडीवर कर्जच नसेल तर गाडीच्या मालकीची वजावट मिळत नाही, हे २०११ च्या ‘रॅन्सम’ खटल्यात ठरलं. म्हणून जुनी, फिटलेली गाडी चालवणारा काटकसरी माणूस इथे कधी कधी मार खातो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं.

वजा करून महिन्याला जे उरतं त्याला ६० ने गुणायचं. १ एप्रिल २०२५ पासूनचे आकडे: ६० महिन्यांत १०,२७५ डॉलरपेक्षा कमी उरत असतील तर पास. १७,१५० किंवा जास्त उरत असतील तर ७ चा गैरवापर होतोय असं कायदा गृहीत धरतो. मध्ये असाल तर उरणाऱ्या पैशांतून साध्या, तारण नसलेल्या कर्जाचा २५ टक्के भाग फिटतो का ते बघतात. आणि ते गृहीतकही मोडता येतं, गंभीर आजारासारखी खास परिस्थिती कागदपत्रांनिशी दाखवून.

अबोली, सासूबाईंचा प्रश्न राहिला होता. त्या भारतात राहतात म्हणून तुमच्या घरातली माणसं चारच धरतील. पण वृद्ध किंवा आजारी आईवडिलांच्या देखभालीसाठी तुम्ही आधीपासून खर्च करत असाल आणि त्यांना तो स्वतः झेपत नसेल, तर त्याची वेगळी वजावट या दुसऱ्या फॉर्ममध्ये आहे. ते तुमच्याच घरात राहिले पाहिजेत अशी अट नाही. पाठवलेल्या पैशांच्या पावत्या आणि डायलिसिसची बिलं जपून ठेवा.

करवीरकर
मी इथे कोल्हापुरात वकिली करतो, म्हणून भारताबद्दल थोडं अवांतर. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. आकडे किती तोकडे आहेत ते बघा. त्यातून तो भाग सामान्य माणसाला लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी संहितेतली व्यक्तींच्या दिवाळखोरीची कलमं लागू झाली, तीही फ्रेश स्टार्ट वगळून. बाकीच्यांना आजही मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा इंग्रजी अमदानीतला कायदा. सावकाराच्या आणि मोबाइल ॲपच्या कर्जात बुडालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना द्यायला माझ्याकडे अशी सरळ वाट नसते. तुमच्याकडे ती आहे, तिचा संकोच करू नका.

थेम्सकाठ
इंग्लंडमध्येही उत्पन्नच बघतात, पण हिशोब सोपा. खर्च जाऊन महिन्याला ७५ पौंडांपेक्षा जास्त उरत नसतील, कर्ज ५०,००० पौंडांच्या आत असेल आणि फारशी मालमत्ता नसेल, तर डेट रिलीफ ऑर्डर (कर्जमुक्तीचा आदेश) मिळते. २०२४ पासून तिची फीही काढून टाकली.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. हुरडाकाका, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, १३ बद्दलही विचारून घेऊ.

निशिगंध, दोन गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या. पुण्यात कोथरूडला यजमानांच्या आणि दिरांच्या नावावर एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. भाड्याचा निम्मा भाग आमच्या तिथल्या खात्यात जमा होतो. आणि माझं लग्नातलं सोनं आहे, थोडं इथे, बाकीचं सांगलीला लॉकरमध्ये. भारतातलं यात येत नाही ना? शिवाय आजारपणात दिरांनी ८,००० डॉलर दिले होते, ते सेव्हरन्समधून आधी परत करायचे असं ठरलंय. घरच्या माणसाचे आधी, मग बँकांचे.

निशिगंध
बरं झालं लिहिलंत. आता माझं उत्तर बदलतं, आणि हे सगळ्यांनीच वाचावं.

पहिलं, दिरांना आत्ता काहीही देऊ नका. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात नातेवाइकाचं कर्ज फेडलं असेल तर ट्रस्टी ते पैसे त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो. म्हणजे नोटीस दिरांना जाईल. भावना अगदी रास्त आहे, पण त्यांना त्रास होईल. त्यांचं नाव इतर देणेकऱ्यांसारखंच यादीत टाकावं लागेल. आणि फ्लॅट किंवा सोनं घाईने कोणाच्या नावावर करून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. दोन वर्षांतले असे व्यवहार उलटवता येतात, आणि मुद्दाम लपवलं तर कर्जमाफीच नाकारली जाते.

दुसरं, भारतातलं येतं. मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती अर्जात लिहावी लागते. लॉकर, एफडी, पीपीएफ, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, सगळं. फ्लॅटचं भाडंही ६ महिन्यांच्या सरासरीत येतं, म्हणजे माझे वरचे तीनही आकडे थोडे वाढतील. ते भाडं आतापर्यंत इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलंय का, तेही बघा.

आता खरा पेच. उत्पन्न तुम्हाला ७ च्या दारातून आत नेईल, पण ७ मध्ये सूट नसलेली (म्हणजे कायदा तुमच्याकडे राहू देत नाही अशी) मालमत्ता ट्रस्टीच्या ताब्यात जाते. न्यू जर्सीत केंद्राची सूट-यादी निवडता येते. तिच्यात दागिन्यांना माणशी २,१२५ डॉलर आहेत, शिवाय कशालाही वापरता येणारी १,६७५ ची आणि घरासाठीची न वापरलेली १५,८०० पर्यंतची रक्कम. दोघांनी मिळून अर्ज केला तर दुप्पट. सोनं यात बहुधा बसेल, पण कोथरूडच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा बसणं कठीण. ट्रस्टी त्याची किंमत मागेल. ४०१के मात्र सुरक्षित आहे, त्याला हात लावू नका.

म्हणून तुमच्या बाबतीत १३ बरा पडू शकतो. तिथे फ्लॅट ठेवता येतो, पण ७ मध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं, निदान तेवढं तीन ते पाच वर्षांत द्यावं लागतं. तुमच्या एकटीच्या पगारावर तो हप्ता झेपेल का, हे यजमानांच्या नोकरीवर ठरेल. तिसरी वाट म्हणजे दोघा भावांनी मिळून फ्लॅट बाजारभावाने विकायचा आणि त्या पैशांतून देणी मिटवायची. कदाचित दिवाळखोरीची गरजच उरणार नाही. यातलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

पेठेतला
अबोली, मी आधी जे लिहिलं ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. पुण्यात फ्लॅटच्या किमतीचा अंदाज हवा असेल तर माझ्या ओळखीचे एक सरकारमान्य मूल्यांकनकार आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अबोली
पेठेतला, धन्यवाद, नक्की करा. काल दिरांशी बोलले. ते म्हणाले, माझे पैसे दहा वर्षांनी दिलेस तरी चालेल, वहिनी. गुरुवारी वकिलाकडे जायचंय. सोबत काय न्यावं?

निशिगंध
दोघांच्या गेल्या ६ महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सेव्हरन्सचं पत्र, मागच्या दोन वर्षांची टॅक्स रिटर्न्स, इथल्या आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स, कार्डांची आणि हॉस्पिटलची बिलं. फ्लॅटची इंडेक्स टूची प्रत, भाडेकरार आणि मूल्यांकन. जे मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. सांगलीला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या विसरू नका. अर्जाची फी ७ ला ३३८ आणि १३ ला ३१३ डॉलर आहे, वकिलाची वेगळी. ७ मध्ये वकील बहुतेक वेळा ती आधी घेतात, १३ मध्ये बरीचशी हप्त्यांतून जाते. अर्जाआधीच्या १८० दिवसांत क्रेडिट समुपदेशनाचा छोटा वर्ग करावा लागतो, तो ऑनलाइन होतो. पण आत्ताच करू नका, अर्जाची तारीख ठरली की करा, नाहीतर मुदत उलटून जाईल.